नंदीश म्हमाणे आणि माझा रविवार

नंदीश म्हमाणेने माझं आजवर काहीही वाईट केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटण्याचा संभव आहे. तो मला सर म्हणतो, माझ्या बायकोला वहिनी म्हणतो, जाताना चहाचे कप स्वतः आत नेऊन ठेवतो. तरीही रविवारी तीन वाजता त्याची मोटरसायकल आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आली की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरांना दाखवण्यातलं ते दुखणं नाही.

खेळ माझा होता. जगात तो कुणी का शोधला असेना, सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये तो मी आणला. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि एक जग मनाने रचतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी सैनिक. सूत्रधार सांगतो की समोर नदी आहे आणि पूल तुटलाय, आता काय करता? ज्याला जे सुचेल ते तो करायला जातो, आणि जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. अशी एक गोष्ट दर रविवारी पुढे सरकत वर्ष-वर्ष चालते. तिला आम्ही मोहीम म्हणतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. त्यामुळे माझी मोहीम भूगोलातून उगवली यात नवल नाही. मेघवर्धन नावाचा देश मी तीन वर्षं खपून उभा केला. त्याचे वारे, मृदा, खनिजं, व्यापारी मार्ग, सात राजघराण्यांच्या वंशावळी, सगळं टाइप करून दोनशे चौदा पानं झाली. झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून प्रत्येक खेळाडूला एकेक प्रत दिली. कमलाकरकाका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, त्यांची प्रत पुढे मी त्यांच्या घरी मिक्सरखाली पाहिली. ओजसचं मेडिकलचं दुकान आहे, त्याची गल्ल्याजवळ होती आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते. चेतनाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिची प्रत उघडून पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "छान आहे हो," आणि भाजी बघायला गेली. ती खेळायला कधी बसलीच नाही.

अशात ओजसने नंदीशला आणलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींच्या एका कारखान्यात तो ग्राफ काढतो. जेकार्ड मागावर विणलेल्या चादरीवर जो मोर किंवा जी वेलबुट्टी दिसते, ती आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढलेली असते. ते काम नंदीशचं. आता बहुतेक ठिकाणी ते संगणकावर होतं, पण हा अजून आधी कागदावरच काढतो आणि मग संगणकावर चढवतो. गाव मंद्रूप, घरी आई सिद्धम्मा, घरातली बोली कानडी. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले होते आणि गळ्यात कारखान्यातला, कडेला सूत सुटलेला टॉवेल होता. मी मनात म्हटलं, हा काय खेळणार.

वर्षभर तो माझ्या टेबलावर खेळला. कमी बोलायचा. फासा पडला की बेरीज कानडीत पुटपुटायचा, वंदु, यरडु, मूरु. मी वाऱ्यांविषयी बोलायला लागलो की ओजस मोबाइल काढायचा आणि काका डोळे मिटायचे. हा मात्र पेन्सिलीने टिपून घ्यायचा. मला तो तेव्हा आवडायचा, हे कबूल करतो.

मग मार्च उजाडला. बोर्डाचे पेपर तपासायला मला दोन-तीन रविवार अडकून पडावं लागणार होतं. खेळ बंद पडला की माणसं पांगतात, म्हणून मीच नंदीशला म्हणालो, "तेवढे रविवार तू काहीतरी चालव. छोटंसं. मी आलो की माझं पुढे सुरू करू." आणि माझ्याच तोंडाने नियमही ठरवून दिला की सुरू केलेली मोहीम अर्धवट सोडायची नाही, ती संपली की दुसऱ्याची. दोन-तीन रविवारांत काय ते संपेल, असा माझा हिशोब होता.

तिसऱ्या रविवारी पेपर लवकर आटोपले आणि मी साडेचारला घरी आलो. जिन्यातच हसण्याचा आवाज ऐकू आला. त्यात एक हसणं चेतनाचं होतं. दार उघडून बघतो तर ती टेबलाशी, माझ्या नेहमीच्या खुर्चीवर, हातात फासा घेऊन बसलेली. एक माणूस कमी पडत होता म्हणून नंदीशने तिला बोलावलं होतं. ती एका घाटावरची जकातदारीण झाली होती, भागीरथी नावाची. नंदीश तिला विचारत होता, "वहिनी, ही बाई कुनालाच भेत न्हाय असं लोक म्हंत्यात. पर एका गोष्टीला भेती. कशाला?"

चेतनाने क्षणभरही विचार केला नाही. "सासरी जायला," ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसू उशिरा आलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून माझा जीव जळायला लागला. लोक समजतात तसला संशय वगैरे नाही. नंदीश सरळ माणूस आहे, माझी बायकोही सरळ आहे. मला जळवत होतं ते वेगळंच होतं. मी दोनशे चौदा पानं लिहूनही जी बाई माझ्या टेबलाशी बसली नाही, ती या माणसाच्या एका प्रश्नावर बसली होती.

त्याची पद्धत तरी काय, तर पद्धतच नाही. सुरुवातीला तो फारसं काही ठरवून आणायचाच नाही. गोष्टीत एखादं गाव आलं की काकांना विचारायचा, "काका, हितनं गाड्या किती वाजता सुटत्यात?" आणि काका डोळे उघडून चार बैलगाड्यांचं वेळापत्रक मिनिटांसकट सांगायचे. पुढचा महिनाभर त्या वेळापत्रकावर सगळी गोष्ट चालायची, आणि एखादी गाडी चुकली म्हणून काका खरोखर अस्वस्थ व्हायचे. कुणी काही वेडगळ करायला निघालं तर हा नाही म्हणायचा नाही. "करा की," म्हणायचा, "मग काय होतं बगू." शेवटी सगळ्यांना विचारायचा, आज मनात काय राहून गेलं. ते लिहून घ्यायचा आणि पुढच्या रविवारी नेमकं तेच दारात उभं करायचा. मी याला आळस म्हणायचो. चेतनासमोर एकदा म्हणालोही. ती म्हणाली, "असेल. पण मी सोमवारपासून रविवारची वाट बघते."

पेपर संपले, मे गेला, दिवाळी गेली. नंदीशची मोहीम संपेना. मी मोठ्या मनाने त्यात खेळाडू म्हणून बसायला लागलो. मोठ्या मनाने असं मी सगळ्यांना सांगत होतो. मेघवर्धन कपाटात पडून होता आणि मी एका गवंड्याचं पात्र घेऊन दुसऱ्याच्या गोष्टीत विटा रचत होतो. सगळे एक हरवलेली राजमोहोर शोधत होते, आणि ती कोळसगड नावाच्या किल्ल्यात आहे एवढं जानेवारीपर्यंत कळलं होतं. मोहोर सापडली की मोहीम संपणार होती. मोहीम संपली की टेबल माझं.

एका रविवारी नंदीश घाईत निघाला. मंद्रूपला आईला दवाखान्यात न्यायचं होतं. त्याच्या मोहिमेची फाइल आमच्या सोफ्यावर राहिली. मी फोन करून सांगितलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे सर, आता रविवारीच येतो की."

सोमवारी फाइलकडे बघितलं नाही. मंगळवारी बघितलं. बुधवारी चेतना ऑफिसला गेल्यावर मी ती उघडली. चाळीस वर्षांचा माणूस, शिक्षक, रोज शंभर मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणारा.

कारखान्यातल्या ग्राफच्या कागदावर कोळसगडाचा नकाशा होता. निळे रंगवलेले चौकोन आणि पांढरे कोरे चौकोन. डाव्या कडेला दरवाजा आणि वरच्या कोपऱ्यात लाल चांदणी. म्हणजे मोहोर. मला हायसं वाटलं. भरीव रंगवलेलं ते बांधकाम, कोरं ते मोकळं, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवतो. पांढऱ्या चौकोनांतून दरवाजापासून चांदणीपर्यंत सलग वाट जात होती. तीन सापळे मध्ये होते, तिन्ही निळ्यात. किल्ला एवढासाच, कागदाचा बाकी भाग रिकामा, म्हणजे गड्याने कंटाळा केला होता असंही मला वाटलं आणि बरं वाटलं. मी वाट एका चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि फाइल होती तशी सोफ्यावर ठेवली. एकाच दुपारी मोहीम संपवायची आणि त्याच बैठकीला मेघवर्धन पुन्हा जाहीर करायचा, असं माझं ठरलं.

रविवारी आम्ही कोळसगडाच्या दरवाजात उभे राहिलो. ओजस मशाल पेटवू म्हणाला. मी म्हणालो, "मशाल कशाला? माझा गवंडी पुढे होतो. सरळ सात पावलं."

नंदीशने कागदावर पाहिलं. "सर, दोन पावलांवर भिंत हाय."

"मग डावीकडे चार."

"तितंबी भिंत हाय."

"नीट बघ," मी म्हणालो. "डावीकडे चार, मग उजवीकडे नऊ."

"सगळी भिंत हाय सर."

काका हसले. "देवदत्त, तू आरक्षण करून आल्यासारखा काय सांगतोयस?"

माझे कान तापले. चिठ्ठी खिशात होती आणि ती बाहेर काढून बघायची सोय नव्हती.  नंदीशने पेन्सिल घेतली आणि मी बोललो होतो ती वाट कागदावर चालवली. सरळ सात, डावीकडे चार, उजवीकडे नऊ. पेन्सिल चांदणीच्या अलीकडे थांबली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी टेबलावरच्या फाशाकडे बघत होतो, पण तो बघतोय हे मला कळत होतं. आता हा सगळ्यांसमोर विचारणार, चेतनासमोर विचारणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार.

"सरांचा गवंडी भिंतीला कान लावतोय," नंदीश म्हणाला. "मानूस गवंडी हाय, त्याला भिंत कळती. आतनं चालल्याचा आवाज येतोय."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. हा किल्ला बांधणाऱ्याने एक नाही, दोन किल्ले बांधले. एक माणसांसाठी, आणि दुसरा पहिल्याच्या भिंतींच्या जाडीत. चादर उलटी केली की निळ्याच्या जागी पांढरं दिसतं आणि पांढऱ्याच्या जागी निळं, तसं. बाहेरून ज्याला भिंत म्हणतात तो आतल्यांचा रस्ता. आजवर ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, गवंड्याच्या आलं. "वहिनी," तो म्हणाला, "भिंतीत कोन ऱ्हात असतील?"

चेतना पुढे सरकून बसली. ओजसने मोबाइल उलटा ठेवला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास रे गवंड्या." दोन तास असा खेळ झाला की पाच वाजताचा चहा कुणालाच आठवला नाही. मी त्या दिवसाचा नायक होतो. मोहोर सापडली नाहीच. उलट एका किल्ल्याचे दोन झाले आणि मोहीम सहज वर्षभर लांबली. हे मी केलं होतं, माझ्या हाताने.

नंदीश निघाला तेव्हा मी त्याला सोडायला खाली गेलो. जिन्यात कुणी नव्हतं. तो टॉवेलने चेहरा पुसत म्हणाला, "सर, आमच्या ग्राफात रंगवलेली ती वाट. जितं नक्षीचा दोरा वर येतो तो चौकोन रंगवायचा. कोरा चौकोन म्हंजी चादरीची नुस्ती जमीन, नक्षीबिगर, मी तितं दगूड धरला. आनि अख्ख्या नक्षीचा पाव भागच काढतो आमी. बाकीचा पलटी मारून येतो."

मी खिशातली चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

"हीच चूक मी पयल्या दिवशी केल्ती," तो म्हणाला. "ग्राफ शिकिवनाऱ्या गुरुबसप्पा मास्तरांनी कानाखाली दिली होती. तुमी तर कारखान्यातबी न्हाय."

मला वाटलं, एक कानाखाली यानेही द्यावी. त्याऐवजी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "सर, तुमची मोहीम लई दिस थांबलीया. पुडल्या रविवारी तुमी घ्या. भिंतीतली मानसं कुटं जात न्हाईत." मग जरा चाचरत, "मी ती वाचली हाय. पुरी. दोनदा. एकशे बारा पानावर वारं नैर्ऋत्येकडनं येतं म्हटलंय, मग डोंगराच्या पूर्वेला एवढा पाऊस कसा हो? का माजंच चुकतंय?"

त्याचं चुकत नव्हतं. पूर्वेला पर्जन्यछाया हवी. अकरावीच्या पोराला कळेल अशी चूक दोनशे चौदा पानांच्या जगात पाच वर्षं बसून होती. ते जग आख्खं वाचणारा सबंध सोलापुरात एकच माणूस निघाला आणि तो हा निघाला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याचे आभार मानले.

"येक सांगू का?" गाडीवर बसताना तो म्हणाला. "नकाशात येक जागा कोरी सोडा. आनि वहिनींना इचारा, तितं काय हाय म्हनून. येवडंच करा."

पुढचा रविवार माझा होता. माझं टेबल, माझी खुर्ची, माझा मेघवर्धन. पहिला अर्धा तास मी वाचून दाखवलं आणि काकांचे डोळे मिटायला लागले. चेतना बसली होती, पण बोटाने टेबलावरच्या रेघा मोजत होती. नंदीश तेवढा टिपून घेत होता. मला ते टिपणंही सहन होईना. शेवटी मी पानं मिटली, नकाशा पसरला आणि पूर्वेला मी रात्रंदिवस पाऊस पाडून ठेवला होता तो मजकूर खोडून, कोऱ्या झालेल्या जागेवर बोट ठेवलं. "चेतना," मी म्हणालो, "इथे काय आहे?"

ती नकाशावर वाकली. मग हळूहळू सांगायला लागली. "इथे एक गाव आहे. कोरडं. त्याला एक कालवा आहे, तोही कोरडा. महिन्या-दीड महिन्याने त्याला पाणी सोडतात. पाणी येतंय असं कळलं की शाळेतल्या सगळ्या मुली पळत सुटतात. ते पाणी पहिल्यांदा येतं तेव्हा पाण्यासारखं दिसतच नाही. पुढे नुसता पालापाचोळा, धूळ आणि फेस सरकत येतो, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. मुली काठाने त्याच्याबरोबर चालतात. त्याच्या पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही, असा नियम. गावच्या हद्दीपर्यंत. मी एकदा पुढच्या गावापर्यंत गेले होते आणि आईने शोधत येऊन मारलं होतं."

मी गेले होते, असं ती म्हणाली. तिचं माहेर माळशिरस तालुक्यातलं. चौदा वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्या कालव्याची लांबी आणि लाभक्षेत्र मला पाठ होतं.

मग खेळाने जो जोर धरला तो सहा वाजेपर्यंत. काकांनी पाणी कुठल्या गावाला किती वाजता पोचतं त्याचं वेळापत्रक केलं. ओजसचा चोर पाणीचोर झाला. चेतना उभी राहून बोलत होती. माझ्या टेबलावर असा रविवार कधीच झाला नव्हता.

सगळे निघताना ती माझ्याजवळ आली. डोळे चमकत होते. "अहो," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी विचारलंत. कसं सुचलं?"

नंदीश दारात वाकून बूट घालत होता. त्याला ऐकू येत होतं. मला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, आणि त्या वाक्याने मी लहान झालो नसतो. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, आणि तसं बघणं आजवर मी फक्त त्याच्या टेबलावर, त्याच्यासाठी पाहिलं होतं.

"सुचलं," मी म्हणालो.

नंदीशने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि उभा राहिला. "सरांचं डोकं लई चालतं वहिनी," तो म्हणाला, अगदी सहज, आणि जिना उतरून गेला. खाली त्याची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. चेतना अजून हसत होती, आणि ते हसू माझ्या वाट्याचं नव्हतं हे तिला सोडून आम्हा दोघांनाही माहीत होतं.